आयरनी, व्याज आणि थिबा राजा

गेल्या महिन्यात बाबांना दोन स्टेंट बसले. आता बरे आहेत, घरी आहेत, नेहमीसारखे टोमणे मारताहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना उगाच तुमचा जीव टांगणीला लागायला नको. दहा दिवस रजा काढून पुण्यात परत आलो, तर पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये आमच्या टीममधली एकजण म्हणाली, "तुझं कामच मुळी अ‍ॅलर्ट्सचं, आणि घरचा अ‍ॅलर्ट तूच मिस केलास. व्हॉट अ‍ॅन आयरनी ना!"

तिचा हेतू वाईट नव्हता. अ‍ॅलर्ट मिस केला हे तिला मीच सांगितलं होतं (तो कसा मिस केला, ते पुढे येईलच). आणि माझं काम खरंच तसलं आहे. एखाद्या सर्व्हरला धाप लागली की रात्री दोन वाजता नक्की कुणाच्या उशाशी फोन खणखणवायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. मी मान डोलावली, चहा संपवला, जागेवर येऊन बसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. राग आला म्हणावं, तर चूक काय बोलली ती? आणि बरोबर बोलली म्हणावं, तर मला ते इतकं खुपलं का? शेवटी सवयीप्रमाणे शब्दाच्या मागे लागलो. कोडमध्ये बग सापडत नसला की आपण आधी व्हेरिएबलची नावं तपासतो, तसंच काहीसं.

आता आयरनी हा शब्द आपण कसा वापरतो बघा. डबा विसरला आणि त्याच दिवशी कँटीन बंद, आयरनी. छत्री घेतली तर पाऊस नाही, आयरनी. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण दहा वर्षांहून जास्त रखडलं, तीही म्हणे आयरनी. नाही हो! पहिलं वाईट नशीब, दुसरा पुण्याचा पाऊस आणि तिसऱ्याला काय म्हणायचं ते लिहिलं तर हा ब्लॉग सहकुटुंब वाचण्याजोगा राहणार नाही. अ‍ॅलानिस मॉरिसेट नावाच्या कॅनेडियन गायिकेचं 'आयरॉनिक' नावाचं गाणं आहे, १९९५ च्या अल्बममधलं. त्यातल्या बहुतेक प्रसंगांत आयरनी नाहीच, नुसती पनवती आहे, यावर इंग्रजी बोलणारे लोक तेव्हापासून वाद घालत बसलेत. तेव्हा शब्द चुकीचा वापरण्यात आपण एकटे नाही. (फर्स्ट इयरला आमचा एक मेकॅनिकलवाला मित्र आयरनी म्हणजे लोखंडासारखं, असं समजत होता. एका अर्थी त्याचं तर्कशास्त्र सगळ्यात पक्कं.)

शब्द मूळचा ग्रीक. जुन्या ग्रीक विनोदी नाटकांत दोन ठरीव पात्रं असायची. एक 'अलाझोन', म्हणजे फुशारक्या मारणारा बढाईखोर. आणि दुसरा 'आयरॉन'. हा आपण काहीच नाही, आपल्याला काहीच कळत नाही, असं दाखवत दाखवत त्या बढाईखोराचे दात त्याच्याच घशात घालतो. या आयरॉनची जी वागण्याची तऱ्हा, ती 'आयरोनिया'. तिथून लॅटिन आणि लॅटिनमधून इंग्रजी. सुरुवातीला ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या नाटकांत तर तो शब्द शिवीसारखाच येतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये थ्रॅसिमॅकस नावाचा गृहस्थ सॉक्रेटिसवर उखडतो तो याच कारणासाठी: हा माणूस स्वतः उत्तर देत नाही, अज्ञानाचं सोंग घेतो आणि दुसऱ्याला बोलायला लावून तोंडघशी पाडतो.

हे वाचल्यावर मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर पेडगाव. वेड पांघरून पेडगावला जाणे! दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये सॉक्रेटिस जे करत होता, त्याला आपल्याकडे हा तयार वाक्प्रचार आहे. आयरोनियाचा याहून चांगला अनुवाद मला तरी सुचत नाही. फक्त तो विशेषण म्हणून वापरता येत नाही, ही अडचण. "किती पेडगावी ना!" असं कँटीनमध्ये कोण म्हणणार?

मग मराठीत आयरनीला शब्द कोणता? उपरोध म्हणाल, तर तो बोलण्यापुरता. शिवाय त्याची गंमत अशी की संस्कृतात उपरोध म्हणजे अडवणूक, अडथळा. आपल्याकडे येईपर्यंत त्याचा टोमणा झाला, आणि तिकडे बंगालीत त्याच शब्दाचा अर्थ झाला आग्रहाची विनंती. विडंबनाचीही तीच कथा. हिंदीत विडंबना म्हणजे आयरनी. मराठीत विडंबन म्हणजे अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'त आहे ते, आणि विटंबना म्हणजे पोलीस बंदोबस्त लागेल असं काहीतरी. वक्रोक्ती हा भारदस्त शब्द आहे खरा. पण हजारेक वर्षांपूर्वीच्या काश्मिरी कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित' लिहिलं, त्यात तो एवढा मोठा करून ठेवलाय की चांगली कविता म्हणजेच वक्रोक्ती. राहता राहिला दैवदुर्विलास. हा परिस्थितीतल्या आयरनीला बऱ्यापैकी बसतो. विलास म्हणजे खेळ, दैव आपल्याशी वाईट खेळ खेळलं. मात्र हा शब्द तोंडातून आला की बोलणारा आपोआप साठीचा होतो.

मला खरा आवडलेला शब्द वेगळाच आहे, आणि तो तुमच्या-माझ्या बँकेच्या स्टेटमेंटवर दर महिन्याला छापून येतो. व्याज. संस्कृतात व्याज म्हणजे सोंग, बतावणी, निमित्त. म्हणून स्तुतीचं सोंग आणून केलेली निंदा ती व्याजस्तुती आणि मनातलं कारण झाकून दुसरंच पुढे करणं ती व्याजोक्ती. शाळेत अलंकार पाठ करताना मला वाटायचं, स्तुतीवर मिळणारं इंटरेस्ट ते व्याजस्तुती. पुढे 'निर्व्याज प्रेम' हा शब्द भेटला, तेव्हाही माझ्या डोळ्यांसमोर झिरो पर्सेंट ईएमआयच उभा राहिला. खरा अर्थ साधा आहे: ज्यात बतावणी नाही ते निर्व्याज. कर्जावरच्या रकमेला हाच शब्द कसा लागला असेल, यावर गेल्या वर्षी गृहकर्ज घेतल्यापासून माझ्या काही कल्पना आहेत, पण त्या शास्त्रीय नाहीत. असो.

तर आयरॉन म्हणजे व्याज करणारा. मनात एक आणि ओठांवर दुसरं, पण फसवण्यासाठी नव्हे. किंवा ज्याला फसायचं तो फसेल आणि ज्याला कळायचं त्याला बरोब्बर कळेल, असं. आणि या बाबतीत आमच्या रत्नागिरीचा हात जगात कुणी धरेल असं मला वाटत नाही. पुलंचा अंतू बर्वा रत्नागिरीचाच, हा काही योगायोग नाही. आमच्याकडे सरळ बोलणं हे थोडं कमीपणाचंच मानतात. परीक्षेत मार्क कमी पडले की "दिवे लावलेस", पाहुणा फार दिवस राहिला की "घाई काय आहे, पावसाळा होऊ दे", सून उशिरा उठली की "झोप झाली ना नीट?" दिवे लावणे, उजेड पाडणे, आरती ओवाळणे यांतला एकही वाक्प्रचार आता सरळ अर्थाने वापरायची सोय राहिलेली नाही. प्रकाशाशी संबंधित इतकी चांगली क्रियापदं टोमण्यांसाठी खर्ची घालणारा समाज दुसरा असेल का, कोण जाणे.

आणि उलट बोलायची आमची दुसरीही एक तऱ्हा आहे, ती टोमण्याची नव्हे, भीतीची. दुकान बंद करायचं तर ते 'वाढवायचं', बांगडी फुटली तर ती 'वाढली', आणि घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. दोन्हीकडे शब्द उलटेच. ऐकणाऱ्याला आतला अर्थ माहीत आहे, या भरवशावर दोन्ही चालतात.

आता परिस्थितीतली आयरनी. रत्नागिरीच्या माणसाला याची व्याख्या शिकवावी लागत नाही, थिबा राजवाडा दाखवला की पुरे. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, राजधानी मंडाले. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला राणी सुपायालातसकट बोटीवर चढवलं, रंगून आणि मद्रासमार्गे एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून सोडलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. म्हणजे माझ्यापेक्षा लहानच. त्यानंतर डिसेंबर १९१६ मध्ये मरेपर्यंत तीस वर्षं तो इथून हलला नाही. आज जो राजवाडा आपण तिकीट काढून बघतो, तो त्याला मिळाला १९१० मध्ये, शेवटच्या सहा वर्षांसाठी. त्याआधी चोवीस वर्षं दुसऱ्याच बंगल्यांत.

गाईड, रिक्षावाले आणि व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड यातली आयरनी एका दमात सांगतात: दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला १८५८ मध्ये रंगूनला पाठवला, तो १८६२ मध्ये तिथेच वारला. आणि ब्रह्मदेशचा राजा इकडे, तो इथेच वारला. अदलाबदल! ऐकायला भारी वाटतं. पण मला विचाराल तर ही आयरनी नाही, ही एसओपी आहे. राजा त्याच्या माणसांपासून समुद्र ओलांडून दूर ठेवायचा, हा इंग्रजांचा ठरलेला शिरस्ता. ज्याला एकच फॉर्म्युला माहीत आहे त्याने दोन ठिकाणी तो लावला तर उत्तरं आरशातल्यासारखी दिसणारच. यात दैवाने काही केलं नाही, एका कचेरीने केलं.

टिळकांचं प्रकरण मात्र मला खरोखर अस्वस्थ करतं. टिळक रत्नागिरीत जन्मले, २३ जुलै १८५६. त्यांचं घर टिळक आळीत आजही आहे. १९०८ मध्ये 'केसरी'तल्या लेखांसाठी राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं कुठे, तर मंडालेला. म्हणजे १९०८ ते १९१४ ही सहा वर्षं रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैद होता आणि मंडालेचा माणूस रत्नागिरीत. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक तिकडे पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होते, आणि साधारण त्याच सुमाराला इकडे थिबा नव्या राजवाड्यात सामान लावत होता.

इथेही तुम्ही म्हणाल की एसओपीच ती. बरोबर. अदलाबदलीतली आयरनी मी इथेही मोजत नाही. मी मोजतो ती दुसरी. टिळकांना पाठवलं ते त्यांचा आवाज बंद व्हावा म्हणून, आणि त्या बंद खोलीत जो निवांतपणा मिळाला त्यातूनच त्यांचं सगळ्यात मोठं पुस्तक झालं. पुण्यात असते, तर रोजच्या धबडग्यात ते लिहून झालं असतं का, मला शंका आहे. जो उपाय केला, त्याच उपायाने नको होतं ते घडवून आणलं. याला आयरनी म्हणा, माझी हरकत नाही. आणि ज्या न्यायमूर्तींनी ही शिक्षा सुनावली त्या दावरांचं काय म्हणाल? १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात हेच दिनशा दावर बॅरिस्टर म्हणून टिळकांसाठी जामीन मागायला उभे होते, आणि तो त्यांनी मिळवला होता. १९०८ मध्ये ते खुर्चीत होते, जीना टिळकांसाठी जामीन मागत होते आणि दावरांनी तो नाकारला. माझ्या मते ती कोर्टाची खोली म्हणजे या विषयाचं संपूर्ण पाठ्यपुस्तक आहे. स्वतःचाच जुना युक्तिवाद समोरून ऐकू येताना माणसाला काय वाटत असेल?

थिबाच्या बाबतीत मात्र मला हा शब्द वापरायला जड जातं. त्याच्या राज्यावर चाल करून जाण्याचं निमित्त काय होतं माहितीये? बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. ब्रह्मदेशातलं सागवान तोडणारी मुंबईची कंपनी, १८६३ ची. तिने तोडलेल्या ओंडक्यांचा हिशेब कमी दाखवला म्हणून राजाच्या मंत्रिमंडळाने वीस लाखांहून जास्त रुपये दंड ठोठावला, आणि इंग्रजांना हवं ते व्याज मिळालं. (संस्कृतातलं हो!) दंड मुंबईच्या कंपनीला केला आणि राजा मुंबई इलाख्यात येऊन पडला. ही कंपनी अजून मुंबईत आहे, वाडिया समूहाची, आणि ब्रिटानियाची मालकी मुख्यतः तिच्याकडे आहे. थिबा पॉईंटवर बसून भाट्याची खाडी बघत तुम्ही चहात मारी गोल्ड बुडवता, तेव्हा हे आठवलं तर आठवा, बिस्कीट गोडच लागतं.

राजाच्या थोरल्या मुलीला राजवाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या पहारेकऱ्यापासून मुलगी झाली, १९०६ मध्ये. तिचं नाव टूटू. राजा गेल्यावर १९१९ मध्ये राणी ब्रह्मदेशात परतली. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीतच येऊन राहिली आणि टूटू इथेच वाढली. इथेच लग्न, इथेच मुलंबाळं, भाषा मराठी, परिस्थिती गरिबीची. २००० साली ती गेली. त्याच वर्षी अमिताव घोषांची 'द ग्लास पॅलेस' आली आणि जगाला रत्नागिरीचा थिबा नव्याने कळला. सुधा शहांनी २०१२ मध्ये 'द किंग इन एक्झाइल' लिहून या कुटुंबाचं पुढे काय झालं ते सविस्तर मांडलं.

राजाची नात शेणी थापते, व्हॉट अ‍ॅन आयरनी! अशा थाटात हे सांगितलं जातं. मीही सांगितलंय, कॉलेजात, मित्रांना राजवाडा दाखवताना, आणि टाळी घेतलीय. पण ही आयरनी कुणासाठी? टूटूसाठी ते घर होतं, चूल होती, उद्याची व्यवस्था होती. आयरनी दिसायला लांब उभं राहावं लागतं. नाटकात बघा ना. कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे कीर्तनाला बसलेल्या शेवटच्या आजीबाईला ठाऊक असतं, रणांगणावर जाऊन अर्जुनाला विचाराल तर त्याला नाही. आजीबाई हळहळते आणि थोडी सुखावतेही, कारण तिला माहीत आहे आणि त्याला नाही. इंग्रजीत याला ड्रामॅटिक आयरनी म्हणतात. ती प्रेक्षकाची असते, पात्राची नव्हे.

तर कँटीनमधलं वाक्य मला का खुपलं ते इथे कळायला लागलं. त्या वाक्याने मला माझ्याच घराच्या गोष्टीत प्रेक्षक करून टाकलं होतं. आणि वाईट म्हणजे मी मान डोलावून ती खुर्ची घेतली होती. प्रेक्षकाला एक बरं असतं, त्याला स्टेजवर जाऊन काही करावं लागत नाही.

आता अ‍ॅलर्टचं. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, रिटायर झाल्याला चार वर्षं झाली. आमचं घर जुनं, जांभ्याचं, वर माडी. बाबा माडीवर झोपतात. ते दुखण्याबद्दल कधी सरळ बोललेले मला आठवत नाहीत. एकदा पाय मुरगळला तर "आज टायर पंक्चर" एवढंच. फेब्रुवारीत एका रविवारी फोनवर मी विचारलं, "कसे आहात?" तर म्हणाले, "उत्तम. तू घर हप्त्याने घेतलंस, मी जिना हप्त्याने चढतो. तीन हप्ते पडतात. पण आमचे बिनव्याजी हो!"

मी खो खो हसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितला हा विनोद, तिथेही हिट झाला. आमच्या जिन्याला मोजून चौदा पायऱ्या आहेत. चौदा पायऱ्या चढायला तीन वेळा थांबावं लागतंय, हे बाबा सांगत होते. मला, एकट्याला. आईला तेवढंही नाही.

बरोबर तीन आठवड्यांनी रात्री साडेअकराला आईचा फोन. रत्नागिरीतून कोल्हापूर, आंबा घाटातून अ‍ॅम्ब्युलन्स, मी पुण्याहून थेट तिकडे. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दम लागण्याचा त्रास कधीपासून होता?" आई म्हणाली, "काही बोलले नाहीत हो हे." डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "तीन आठवडे." आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

मी त्या वाक्यावर नंतर बराच विचार केलाय. ते व्याजोक्तीचं पुस्तकी उदाहरण आहे. अर्थ पूर्ण आहे, फक्त झाकलेला. आणि ज्याला किल्ली माहीत आहे त्याला तो क्षणात उघडता यावा, अशा बेताने झाकलेला. आमच्या धंद्यातली एन्क्रिप्शनची पद्धत हीच: दोन्ही टोकांना एकच किल्ली असेल तर मेसेज जातो, नाहीतर नुसता आवाज. अठरा वर्षांचा होईपर्यंत माझ्याकडे ती किल्ली होती. "आज टायर पंक्चर" म्हटलं की मी आयोडेक्स शोधायला उठायचो, हसत बसायचो नाही. मग इंजिनीअरिंग, मग नोकरी, मग आठवड्यातून एक फोन, रविवारी, इस्त्रीचे कपडे आणता आणता. दहा वर्षांत ती किल्ली कधी चालेनाशी झाली ते मला कळलंसुद्धा नाही. विनोद पोचत राहिला, म्हणून मला वाटलं की सगळंच पोचतंय.

त्यामुळे माझं स्पष्ट मत असं झालंय (हे आपलं माझं मत, पटलं तर घ्या): बोलण्यातली आयरनी ही जवळच्या माणसांची गोष्ट आहे आणि परिस्थितीतली आयरनी लांबच्यांची. आमच्या पिढीत पहिली समजेनाशी झाली आणि दुसरी तोंडी लावायला झाली. मेसेजमध्ये थोडा तिरकसपणा केला तरी आपल्याला शेवटी डोळा मारणारा इमोजी टाकावा लागतो, कारण समोरच्याकडे किल्ली असेल याची खात्री नाही. बाबांच्या वाक्याला इमोजी नव्हता. त्यांना तो लागेल असं वाटलंच नव्हतं, समोर मुलगा होता ना.

आणि हो, माझा अ‍ॅलर्ट मिस झाला ही आयरनीसुद्धा नाही. सर्व्हरचे अ‍ॅलर्ट सांभाळणारा माणूस बापाचं बोलणं ऐकत नाही, यात उलटं काय आहे? सर्व्हरचे सांभाळायला तो दिवसाचे बारा तास देतो आणि बापाला आठवड्याची दहा मिनिटं. निकाल अगदी अपेक्षित. डॅशबोर्डवर लावून ठेवण्याइतका अपेक्षित.

या शनिवारी रत्नागिरीला आलोय. आंब्याचा हंगाम सुरू झालाय, बाबांना झेला हातात घ्यायला मनाई आहे, म्हणून ते कलमाखाली खुर्ची टाकून मला सूचना देतात ("वा, तीन आंबे काढलेत, दोन देठासकट! पेटी भरायला दिवाळी उजाडेल"). डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. संध्याकाळी आम्ही दोघं थिबा पॉईंटपर्यंत गेलो, रमतगमत. राजवाड्याकडे बघत बाबा म्हणाले, "तीस वर्षं एकाच ठिकाणी पोस्टिंग! आमच्या एसटीत कुणाला मिळालं नाही हो."

परतीच्या चढावर ते थांबले आणि कडेच्या गडग्यावर टेकले. म्हणाले, "सूर्यास्त बघू या जरा."

सूर्य अर्ध्या तासापूर्वीच मावळला होता.

मी विचारलं, "छातीत दुखतंय का?" असं सरळ, तोंडावर. आमच्याकडे असं विचारत नाहीत. बाबांनी दोन क्षण माझ्याकडे बघितलं.

"छातीत नाही," ते म्हणाले, "गुडघ्यात. आणि थोडा दमलोय."

मी शेजारी बसलो. त्यांच्या शर्टाच्या खिशातली जिभेखाली ठेवायच्या गोळीची पट्टी काढून घेतली आणि घरी पोचेपर्यंत हातातच धरून ठेवली.